कोरडी पेंढी

लातूरहून नांदेडकडं निघालं की अहमदपूरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळणीयंत्रं धडधडताना दिसतात. सोयाबीनचा भुसा उडतो, एस.टी.च्या खिडकीतून आत येतो, डोळ्यांत जातो, केसांत बसतो. वाळल्या पाल्याचा थोडा कडवट, थोडा तेलकट वास असतो त्याला. लहानपणी हा वास आला की मला सणाचा नवा झगा आठवायचा. परवा मात्र शेजारी बसलेल्या रिबेकानं काच ओढून घेतली. रिबेका माझी भाची, थोरल्या भावाची एकुलती एक पोर. अकरावीला माझ्याकडं लातूरला असते. गाडीत उकडत होतं, तरी मी काच पुन्हा उघडली नाही.

येत्या रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये पिकाचा सण आहे. आमचं गाव कंधार तालुक्यातलं, मन्याड नदीच्या काठाजवळचं. ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि चर्च म्हणजे पत्र्याखालचा एक लांबोळका हॉल. लातुरात कुणाला सांगितलं की हमखास विचारतात, "तुमच्यात पण असतात का शेतीचे सण?" मला राग येतो. आमच्यात काय ज्वारी विलायतेहून यायची? मृग निघाला की आमच्याकडंही आभाळाकडं बघून मानेला रग लागते. जूनमध्ये पेरणीच्या आधी मूठ-मूठ बियाणं रुमालात बांधून चर्चमध्ये नेतात, त्यावर प्रार्थना होते, आणि तेच बी तिफणीच्या मोघ्यात पहिलं सोडतात. पुढं येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेजारच्या गोविंदकाकांच्या वावरात आंबील-भज्जी खायला जायचं ते नाताळाच्या करंज्या बरोबर घेऊन. एकदा एका पाळकांनी यावर बंदी घालून पाहिली. पुढच्या येळवसेला तेच आंबिलीचा दुसरा गडू मागताना दिसले.

पिकाचा सण यायचा दसरा-दिवाळीच्या मधे. आदल्या दिवशी दाराला ज्वारीच्या धाटांची कमान बांधायची. टेबलावर कणसं, शेंगा, भोपळे, अंबाडीची जुडी, अंडी, दुधाचा तांब्या. एखादी पाय बांधलेली कोंबडी असायचीच, आणि ती नेमकी मोठ्या प्रार्थनेच्या मध्यावर सुटायची. बायका डोळे मिटून हसू दाबायच्या, आणि पेटी वाजवणारा पौलसअण्णा एका डोळ्यानं प्रार्थना नि दुसऱ्यानं कोंबडी सांभाळायचा. गोविंदकाका हिंदू, आमच्या बांधाला बांध लागलेले. ते दरवर्षी एक भोपळा पाठवायचे. "येशूला सांगा, पाटलाकडचा हाय म्हणावं." उपासनेनंतर सगळ्या वस्तूंचा लिलाव व्हायचा. त्यात चढाओढीनं एखादं लिंबू भोपळ्याला मागं टाकायचं, आणि ज्यानं ते घेतलं त्याची बायको घरी जाईपर्यंत त्याच्याशी बोलायची नाही. इतकं हसू मी दुसऱ्या कुठल्या सणात ऐकलेलं नाही.

या सणाला आमच्या गावात एक नियम होता. पहिल्या कापणीची पेंढी घरात आणायची नाही. ती वावरातच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या छपरात, आढ्याला टांगून ठेवायची. सणाच्या सकाळी तिथून उचलायची आणि थेट चर्चच्या टेबलावर ठेवायची. मधे घराचा उंबरा लागता कामा नये. यंदा तो नियम कुणी पाळत नाही. ठराव झाला नाही, पंचांची बैठक बसली नाही, तरी आईनं फोनवर सांगितलं की गावात पेंढ्या घरोघर खुंटीला लागल्यात.

नियम कुठून आला हे मी म्हाताऱ्यांना खूपदा विचारलं होतं. "हाय तसंच हाय," एवढंच उत्तर मिळायचं. माझा आपला एक तर्क आहे. आमच्या पणज्या-खापरपणज्यांना स्वतःची जमीन नव्हती. ते दुसऱ्यांच्या रानात राबायचे, कापणी झाल्यावर गळालेली कणसं, म्हणजे सरवा, वेचायचे. त्यातलंच देवाला न्यायचे. गावात कुणाचं धान्य कमी भरलं की पहिला आळ आमच्या वस्तीवर यायचा. तेव्हा देवाची पेंढी रानातून उघड्या रस्त्यानं, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत चर्चमध्ये न्यायची, घरात शिरूच द्यायची नाही, असं कुणा शहाण्यानं ठरवलं असणार. म्हणजे मूळचा नियम देवासाठी नव्हताच, पाटलासाठी होता. पुढं जमिनी आल्या, आळ गेला, पण नियम राहिला आणि त्याला देवाचं नाव चिकटलं.

कृपावहिनी म्हणजे रिबेकाची आई, माझ्या भावाची बायको. ती भोकरकडची. लग्न होऊन आली तेव्हा हा नियम आईनं तिला शिकवला, आणि तो तिनं आमच्या कुणाहीपेक्षा कडक पाळला. परक्या घरून आलेल्या सुनेचं असतंच तसं. मीठ कमी पडलेलं लेकीला चालतं, सुनेला चालत नाही. भाऊ याकोब, आमचा दादा, तसा सैल माणूस. पेंढी बांधताना विळा विसरणारा, बांधून झाली की तिच्यावरच टेकून बसणारा. वहिनी त्याला म्हणायची, "उठा की तिकडं, देवाचं हाय ते." ज्वारीच्या काळात पेंढी दिसायला तरी देखणी असायची. सोयाबीनची पेंढी म्हणजे जुना खराटा. पण वहिनी तिला लाल दोरीनं बांधायची आणि दोरीला झेंडूचं फूल खोचायची.

मागच्या साली आमचं सोयाबीन लवकरचं होतं. गावातली पहिली पेंढी आमच्या वावरात कापली गेली. वहिनीनं स्वतः कापली, बांधली आणि आखाड्यावर टांगली. मग पाऊस लागला.

मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. बी रुजायला काय लागतं हे माझ्या पोरांना झोपेतही सांगता येतं: पाणी, हवा, ऊब. त्या पावसात तिन्ही एवढं मिळालं की उभ्या झाडावर, शेंगेच्या आतच बियांना मोड आले. आईनं एक शेंग फोडून फोनवर फोटो पाठवला होता. पांढरे मोड शेंगेतून बाहेर डोकावत होते. वर्गात हा फोटो दाखवला तर पोरं किती खूश होतील, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच मला शिसारी आली. पाऊस थांबेना. कापून ठेवलेल्या सोयाबीनचा ढीग, ज्याला आमच्याकडं बनीम म्हणतात, तो ताडपत्रीखाली कुजायला लागला. मन्याड फुगली, आणि आमच्या वावराच्या अलीकडचा ओढा मागं सरकून गावाकडं यायला लागला.

त्या दुपारी दादा म्हशी सोडवून वरच्या माळावर न्यायला गेला होता. आई गोठ्यातला कडबा माळवदावर चढवत होती. वहिनीला एकदम पेंढीची आठवण झाली. आखाडा पाण्यात गेला तर देवाची पेंढी वाहून जाणार. घरात तर आणता येत नाही, म्हणून तिनं ठरवलं की चर्चच्या पडवीत नेऊन ठेवू. तिनं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि आईला म्हणाली, "आत्याबाई, पेंढी पडवीत ठिवून येते."

आई म्हणाली, "सांभाळून जा."

हे दोन शब्द आई गेलं वर्षभर बोलते आहे. भाजी निवडताना बोलते, फोन ठेवताना बोलते. "मी जाऊ नको म्हणले न्हाई गं. सांभाळून जा म्हणले." मी तिला सांगते की आई, तू काय, कुणीही असंच म्हटलं असतं. ते खरंही आहे. आमच्या गावात त्या दिवशी कुठल्याही घरातल्या बाईनं तेच केलं असतं आणि कुठल्याही सासूनं तेच म्हटलं असतं. खऱ्याचा काही उपयोग होत नाही.

वहिनी आखाड्यापर्यंत पोचलीच नाही. ओढ्यात पाय गेला असावा. दुसऱ्या दिवशी गोविंदकाका आणि त्यांच्या पोरांना ती खालच्या अंगाला बाभळींत सापडली. मी लातूरहून पोचले तेव्हा दादा चर्चच्या पायरीवर बसला होता, आणि पाऊस पडतच होता. कबर खणायला घेतली तर कमरेइतक्यावर पाणी लागलं. घागरी आणल्या, बादल्या आणल्या, पुरुषांनी रांग करून पाणी उपसलं. उपसावं तितकं पुन्हा भरायचं. शेवटी पाळकसाहेब हळूच म्हणाले की आता थांबून भागणार नाही. पेटी खाली सोडली तेव्हा ती तळाला टेकली नाही. थोडा वेळ तरंगली. रिबेका माझ्या हाताला धरून हे पाहत होती. मी तिचे डोळे झाकायला हवे होते की नव्हते, मला अजून कळत नाही.

पाणी ओसरल्यावर मी आणि दादा वावरात गेलो. वावर उरलंच नव्हतं. वरची काळी माती खरडून गेली होती आणि खाली मुरूम उघडा पडला होता, सोललेल्या गुडघ्यासारखा. बनीम गेली, बांध गेला, विहिरीचा कठडा गेला. आखाडा मात्र उंचवट्यावर होता, तो उभा होता. आम्ही आत वाकून गेलो. पाण्याची रेघ कुडाला गुडघाभर उमटली होती. त्याच्या कितीतरी वर, आढ्याला, लाल दोरीनं बांधलेली पेंढी लटकत होती. दादानं हात वर करून तिला चाचपलं. ती खडखडीत कोरडी होती. शेंगा हलवल्या की आत दाणे वाजत होते.

दादा तिथंच चिखलात खाली बसला. मला वाटलं रडेल, पण रडला नाही. म्हणाला, "हिथवर पाणी आलंच न्हाई गं."

गोष्ट गावात पसरायला वेळ लागत नाही. मीच आईला सांगितलं, आईनं शेजारणीला, आणि संध्याकाळपर्यंत वस्तीत एकच बोलणं सुरू झालं. साऱ्या शिवारात एक शेंग धड राहिली नाही, पण देवानं आपली पेंढी राखली! लोक वाईट नव्हते. त्यांच्याही घरात कुजका माल पडला होता आणि त्यांना धरायला काहीतरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी पौलसअण्णा आणि पाळकसाहेब घरी आले. पाळकसाहेब देगलूरकडचे, तरुण, मनानं चांगले. त्यांनी चहाची बशी हातातच धरून ठेवली होती.

पौलसअण्णा म्हणाला, "याकोबा, तुझी पेंढी गावात पयली कापलेली. सणाला पयला मान तुझ्या घराचा हाय. आन् अशी पेंढी... लोकायला लई आधार होईल रे."

"सण करून राहिलेत व्हय यंदा?" दादानं विचारलं.

"औंदा तर कराच लागंल," अण्णा म्हणाला. "देवाला पाठ दावून कसं जमंल?"

पाळकसाहेब म्हणाले, "वहिनी देवाच्या कामात गेल्या, दादा. त्यांनी जिवाची पर्वा केली नाही. त्यांची पेंढी टेबलावर असली तर..." मला त्या क्षणी त्यांच्या हातातली बशी हिसकून घ्यावीशी वाटली. देवाच्या कामात! आढ्याला टांगलेला एक खराटा, ज्याला काहीच होणार नव्हतं, त्याला वाचवायला एक धडधाकट बाई गेली, आणि हे म्हणतात देवाच्या कामात. मी तोंड उघडणार होते, पण आईनं माझ्याकडं पाहिलं.

दादा म्हणाला, "बघू."

त्या आठवड्यात वस्तीत दुसरा विषय नव्हता. याकोब पेंढी आणणार का? आमच्या चर्चमध्ये सणाच्या दिवशी घरचा कर्ता आपला माल घेऊन उभा राहतो आणि यंदा कशाबद्दल उपकार मानतो ते स्वतःच्या तोंडानं सांगतो. कुणी पाऊस म्हणतो, कुणी बैल म्हणतो, कुणी पोराची नोकरी म्हणतो, आणि सगळे आमेन म्हणतात. पहिला उभा राहतो तो पहिल्या पेंढीचा धनी. त्यानं सुरुवात केल्याशिवाय बाकीचे उठत नाहीत. दादा आला नाही तर सण अडणार होता. आला तर तो काय बोलणार? त्याच्या तोंडून उपकार काढून घ्यायचे, तेही त्या पेंढीसाठी, आणि ती टेबलावर ठेवली की सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडायचा, एवढंच उरलं होतं. दादा गोठ्यातच वावरत होता. आई त्याच्या ताटात भाकरी वाढायची आणि ती तशीच परत यायची.

रविवारी ऊन पडलं. इतक्या दिवसांनी पडलेलं ते ऊन मला निर्लज्ज वाटलं. कमानीला ज्वारीची धाटं मिळाली नाहीत, म्हणून पोरांनी निंबाचे डहाळे बांधले. टेबलावर मोड आलेल्या काळ्या शेंगांच्या जुड्या होत्या, एका बाजूनं नासलेले भोपळे होते, थोडी अंडी होती. गोविंदकाकांचा भोपळा यंदा नव्हता; ते स्वतःच आले होते आणि दाराशी, चपलांजवळ बसले होते. पुरुष उजव्या सतरंजीवर, बायका डाव्या. बायकांत आईशेजारी शांतामावशी बसली होती, कृपावहिनीची आई. मातीला आली होती, ती मधे एकदा भोकरला जाऊन पुन्हा आली होती. रिबेका तिच्या आणि माझ्या मधे होती.

गाणं संपता संपता दादा आला. सरळ वावरातून आला होता, पायाला चिखल होता आणि खांद्यावर पेंढी. नियमाप्रमाणे घराकडं वळला नव्हता. हॉलमध्ये एकदम हलकी कुजबूज झाली. पौलसअण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेब पुढं झाले, दोन्ही हात पसरून.

दादानं पेंढी त्यांच्या हातात दिली नाही. तो टेबलासमोर आमच्याकडं तोंड करून उभा राहिला.

"ही आढ्याला होती," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा होता, म्हशींचं दूध किती निघालं ते सांगतानाचा. "पाणी गुडघ्याइतकं आलं. हिच्यापाशी आलंच न्हाई. ती गेली नसती तरी ही अशीच राहिली असती."

"साहेब," तो पाळकांकडं वळून म्हणाला, "मला बोलता येत न्हाई. तुमी शिकलेले हाव. उपकार कामून मानायचे तेवढं सांगा, मी म्हणतो. तुमी सांगाल तसं म्हणतो."

पाळकसाहेबांनी पसरलेले हात खाली घेतले. त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथंच संपला. त्या पोराला खरोखर काही माहीत नव्हतं आणि त्यानं माहीत असल्याचं सोंग केलं नाही. बाहेर कुठंतरी शेळी ओरडली. दादा पेंढी धरून तसाच उभा. ती खाली ठेवावी तर उपकार मानल्यासारखं होईल आणि उचलून परत न्यावी तर कुठं न्यावी, वावर तर गेलेलं. तो पेंढी या हातातून त्या हातात घेत राहिला आणि शेंगांतले दाणे वाजायला लागले.

मग शांतामावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बायकांच्या सतरंजीवरून वाट काढत पुढं गेली, जावयासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "द्या हिकडं."

जावयाशी ती आजवर समोरासमोर बोलली नव्हती. दादानं पेंढी दिली. तिनं ती टेबलावर ठेवली नाही. परत आली, खाली बसली आणि पेंढी मांडीवर आडवी घेतली. फुलाचा वाळका देठ दोरीतून काढून टाकला. रिबेकानं आजीच्या मांडीवर, शेंगांवर, डोकं टेकलं.

पुढं उपासना झाली. कुणी उभं राहिलं नाही, कुणी उपकार सांगितले नाहीत. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती फार थोडी होती. लिलावही झाला, अंडी गेली, नासके भोपळेसुद्धा लोकांनी पहिल्याच बोलीला घेतले. पेंढी कुणी मागितली नाही.

यंदा दादानं मुरमावर गाळ टाकून घेतला आहे, पण खरीप पेरला नाही. हरभऱ्याचं बघू म्हणतो. मधल्या येळवसेला गोविंदकाकांनी आंबिलीचा गडू घरी पाठवला होता, तो त्यानं उभ्या उभ्या प्यायला. चर्चला जातो, दाराजवळ बसतो. त्याच्या घरची पेंढी यंदा नसेल, तेव्हा पहिल्या मानाला दुसरं कुणी उभं राहील. बरंच झालं, असं मी स्वतःला सांगते, आणि मग परवासारखी काच ओढलेल्या गाडीत बसून त्या दुपारचंच आठवत राहते.

सणाच्या त्या दुपारी मी, आई आणि रिबेका शांतामावशीला फाट्यावर सोडायला गेलो होतो. भोकरकडची गाडी यायची होती. मावशी मैलाच्या दगडावर बसली होती, पेंढी पदराखाली धरून. आईला राहवेना. अखेर तिनं विचारलं, "इहीनबाई, काय करणार हिचं?"

"काय करायचं? घरात ठिवीन."

आई दचकली. इतक्या सगळ्यानंतरही दचकली. "घरात? देवाची पेंढी हाय ती."

मावशीनं आईकडं पाहिलं. रागानं नाही. थकलेल्या माणसानं थकलेल्या माणसाकडं पाहावं तसं.

"आमच्या गावाला घरातच ठिवत्यात, इहीनबाई," ती म्हणाली. "पयल्यापासून. चुलीच्या वरी, खुंटीला. देव कधी काई म्हणला न्हाई."